सासूबाई राहू देत, रात्री अकराचं ताट आधी उचल

पत्र थोडक्यात असं: "ताई, माझा मुलगा 4 वर्षांचा. डॉक्टरांनी वजन-उंचीचा चार्ट दाखवला, त्याचं टिंब सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर, म्हणाले हा लठ्ठपणाच. मी ऑफिसला, तो सासूबाईंकडे. दुपारी झोपत नाही, पाच वाजले की किरकिर आणि त्या लगेच हातात खाऊ देतात, सांगून सांगून थकले. जगभर मुलं जाड होतायत असं वाचलं, जाम टेन्शन आलंय. (रात्री मात्र गंमत असते, साडेसातला माझ्याबरोबर जेवलेला असतो तरी बाबा अकराला येईपर्यंत पठ्ठ्या जागा आणि परत त्याच्या ताटात बसतो, सकाळी सातला शाळेसाठी उठवताना नाकी नऊ येतात.) सासूबाईंना कसं समजावू? – हैराण आई"

अगं हैराण आई, पत्रभर सासूबाई आणि खरी गोष्ट कंसात, तीही गंमत म्हणून! चार वर्षांचं पोर रात्री अकरा वाजता जेवतंय, तेही दुसऱ्यांदा, आणि तुला पाचचा खाऊ खुपतोय?

जरा हिशोब कर. साडेअकराला झोपला असं धरू, सातला तू उठवतेस, झाले साडेसात तास. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 5 वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात 3-4 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी, दुपारची डुलकी धरून. तुझा तर दुपारीही झोपत नाही. म्हणजे रोज कमीत कमी अडीच तास कमी, आणि मग तो पाच वाजता किरकिर करतो तर ती भुकेची आहे असं कोणी ठरवलं? पोर झोपेला आलेलं असतं गं. सासूबाईंना ते भुकेलं वाटतं, तुला त्या लाड करतायत असं वाटतं, आणि मधल्यामधे पोर खातं. शिवाय झोप अपुरी असली की भूकही जास्त लागते, त्यातून गोड-तेलकटच हवं होतं, हे आपण मोठ्यांनीही अनुभवलेलं असतं की.

आता जगाचं टेन्शन. 2024 मध्ये 5 वर्षांखालची साधारण साडेतीन कोटी मुलं जास्त वजनाची होती, आकडा मोठाच आहे, पण टक्केवारी बघितली तर 2000 सालापासून पाच-साडेपाचच्या आसपासच रेंगाळतेय. खरी उडी पुढच्या वयात आहे, 5 ते 19 मध्ये लठ्ठ मुलं 1990 ला 2 टक्के होती ती 2022 ला 8 टक्के झाली. तुझा लेक त्याच उंबरठ्यावर उभा आहे. "मोठा झाला की आपोआप सुटेल" म्हणणारे घरोघरी भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. जर्मनीत हजारो मुलांचा अभ्यास झाला, 2018 ला छापून आला, त्यात 3 व्या वर्षी लठ्ठ असलेल्यांपैकी जवळपास 90 टक्के मुलं किशोरवयातही जास्त वजनाची किंवा लठ्ठच होती.

आणि हे तर थेट तुझ्या कंसातल्या वाक्याबद्दल. अमेरिकेत जवळपास हजार मुलांची साधारण साडेचार वर्षांची असतानाची झोपायची वेळ नोंदवली आणि पंधराव्या वर्षी वजन बघितलं, 2016 ला ते प्रसिद्ध झालं. रात्री आठपर्यंत झोपणाऱ्यांत 10 टक्के लठ्ठ निघाले, आठ ते नऊमध्ये झोपणाऱ्यांत 16, नऊनंतरवाल्यांत 23. आता फक्त उशिरा झोपल्यानेच लठ्ठ झाली असं त्यातून सिद्ध होत नाही, बाकी कारणंही असतात, मान्य. पण तुझ्याकडे तर उशिराच्या झोपेबरोबर जादा ताटही आहे!

तर एकच कर. साडेआठला दिवा बंद. खाऊचे डबे लपवणं, डाएट, रोज वजनकाट्यावर उभं करणं यातलं काहीही नको, एवढ्या लहान वयात बहुतेक वेळा वजन उतरवायचं नसतंच, ते आहे तिथे थोपवून उंची वाढू द्यायची असते, किती काय ते तुझे डॉक्टर सांगतील.

बाबाचं काय, तर बाबाने लवकर उठायचं. हो, अकराला घरी येऊनसुद्धा. दिवसभर राबून आलेल्या माणसाला लेकाबरोबर दोन घास खाऊ दे असं तुला वाटतंय ते कळतं, पण त्या लाडाचं बिल पोराच्या नावावर फाटतंय. सकाळी साडेसहाला दोघांनी एकत्र नाश्ता करावा, साडेआठला झोपलेलं पोर साडेसहाला उठलं तरी दहा तास होतात, आणि लागलीच तर शनिवार-रविवारी दुपारी झोपू दे. पहिला आठवडा रडारड होईल, "बाबा हवा" म्हणून दार धरेल, तेव्हा तू विरघळलीस की संपलं.

सासूबाईंना महिनाभर एक शब्द बोलू नकोस, पाचची किरकिर किती उरते ते बघ आणि मग मला लिही. नवऱ्याला समजावत बसू नकोस, हे सरळ त्याच्या हातात दे.