विहिरीचं पाणी एका रात्रीत दीड फूट उतरलं, भूकंप येणार का?

तुम्ही विचारलंय की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात अधूनमधून हादरे बसतात, त्यात परवा विहिरीचं पाणी रात्रीत दीड फूट खाली गेलं. रोज पातळी मोजली तर भूकंप आधी कळेल का?

आधी एक उलटा प्रश्न विचारतो. त्या रात्री शेतीची थ्री फेज लाईट होती का? आणि आसपास कुणाची बोअर चालू होती का? मी बरीच वर्षं विहिरी-बोअरची पातळी मोजतोय. रात्रीत उतरलेलं पाणी बहुतेक वेळा शेजारच्या उसात सापडतं.

पण प्रश्न खुळचट नाही. खोल कातळाच्या फटीत कोंडलेलं पाणी जमिनीवरचा ताण खरोखर दाखवतं. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत जातं. तसंच खडक आवळला की बोअरमधलं पाणी चढतं, ताणला की उतरतं. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी घट्ट जमिनीलाही येते. एक किलोमीटर लांब कातळात केसाच्या जाडीइतकाही फरक पडत नाही, तरी चांगल्या बोअरमध्ये पाणी काही सेंटिमीटर वर-खाली होतं. असा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दिवसात दोन उंचवटे बघून वाटलं, कुणीतरी ठरल्या वेळी मोटर लावतंय. मग लक्षात आलं की उंचवटा रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतोय. इतकी चंद्राची वेळ पाळणारा शेतकरी कुठला?

हे काम आपल्याकडे कोयना-वारणा भागात झालंय. तिथे 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्यानंतर पाचच्या वरचे वीसपेक्षा जास्त झाले. सगळे साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात. म्हणजे यंत्र कुठे लावायचं हे आधीच माहीत! 1990 च्या दशकात हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेने तिथे मुद्दाम 21 बोअर घेतल्या, 90 ते 250 मीटर खोल, पाणी न उपसणाऱ्या. चारच्या वरच्या काही भूकंपांच्या वेळी त्यातल्या काही बोअरमध्ये पाणी काही सेंटिमीटर बदललं. हे 'वेळी' महत्त्वाचं. हादरा बसताना किंवा बसल्यावर बदल दिसणं ही जवळजवळ नेहमीची गोष्ट. आधी दिसल्याचे दाखले थोडे, आणि तेही बरेचदा मागाहून आलेख चाळताना सापडलेले.

चीनमध्ये 4 फेब्रुवारी 1975 ला हायचेंगला लोकांना भूकंपाआधी घराबाहेर काढलं. विहिरींतले बदल तिथे नोंदले गेले होते, हे खरं. पण मुख्य इशारा दिला तो आधीच्या लहान धक्क्यांच्या रांगेने. दीड वर्षात, 28 जुलै 1976 ला, तिथलंच तांगशान शहर भूकंपात कोसळलं. तसा इशारा निघाला नाही आणि सरकारी आकड्यानुसार सुमारे 2 लाख 42 हजार माणसं गेली.

तुमची उघडी विहीर या कामाला चालत नाही. वरचं पाणी मोकळं असतं, कोंडलेलं नसतं. त्यात पाऊस, पाझर, उपसा, सगळं मिसळतं. हवेचा दाब वाढला की बोअरचं पाणीही खाली जातं, तेही वजा करावं लागतं. त्यासाठी पाण्यात सेन्सर सोडून दर काही मिनिटांनी नोंद हवी. बहुतेक सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात. ते दुष्काळासाठी ठीक, यासाठी नाही.

तरी मोजायचंच असेल तर न वापरलेली खोल बोअर बघा. काठावर रंगाने एक खूण करा, रोज त्याच खुणेपासून टेप सोडा आणि शेजारी लाईट किती वाजता आली ते लिहा. हादरा बसला तर घड्याळातली वेळ लगेच टिपा. 21 मार्च 2024 ला तुमच्याच भागात सकाळी 4.5 चा बसला होता, त्या दिवशीचं कुणाच्या वहीत काही असेल तर तेही आणा. आणि घर दगड-मातीचं असेल तर यंत्राआधी भिंतींकडे बघा. किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे माणसं त्या भिंतींखालीच गेली.