दांडा मोडला की गड्डा पोसतो का?

लसणाच्या फुलदांड्याबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लसूण दोन जातकुळींचा असतो. थंड मुलखातल्या कडक मानेच्या लसणाला मधोमध भरीव दांडा येतो. मऊ मानेच्या लसणाला तो सहसा येतच नाही, आणि महाराष्ट्रात पिकतो तो जवळजवळ सगळा याच प्रकारचा. म्हणून एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याच्या वाफ्यात चालेलच असं नाही.

प्रश्न : घरामागच्या वाफ्यात गेल्या ऑक्टोबरात ‘म्युझिक’ जातीच्या साठ पाकळ्या लावल्या. आता जूनमध्ये प्रत्येक रोपातून गोल दांडा निघून वळायला लागलाय. शेजारी म्हणतात मोडून टाका. रोपाला जखम करून गड्डा कसा वाढेल? (ब्रॅम्पटन, कॅनडा)

‘म्युझिक’ ही कडक मानेची जात, तेव्हा शेजाऱ्यांचं ऐका. पात ऊन खाऊन जी साखर तयार करते, तिला या काळात दोन गिऱ्हाइकं असतात: खाली गड्डा आणि वर दांड्याच्या टोकाची बोंडी. बोंडीत फुलं नावालाच असतात. खरी भरत असतात ती तांदळाएवढी लसूणकणी, म्हणजे इवले गड्डे, आणि ‘म्युझिक’च्या एका बोंडीत ती शंभरावरही असतात. गड्ड्याचं बरंचसं वजन काढणीआधीच्या तीन-चार आठवड्यांत वाढतं. नेमकं तेव्हाच हे दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहतं. दांडा गेला की तो वाटा खाली वळतो.

किती फरक पडेल हे जमिनीवर आहे. कसदार, ओल टिकवणाऱ्या मातीत तो जेमतेम ५ टक्के असू शकतो. हलक्या, उपाशी मातीत २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. भरपूर शेणखत घातलेल्या वाफ्यात एखाद्याला फरकच दिसला नाही तर तोही खोटं बोलत नसतो.

वेळ अशी साधा. दांडा सुरुवातीला सरळ वर येतो, टोकाला चोचीसारखं फिकट टोपण असतं. मग तो वळायला लागतो. एक पूर्ण वेढा झाला की मोडायचा. त्याआधी तो पानांच्या आवरणात खोल असतो आणि ओढाताणीत पानं फाटतात. दोन वेढे होऊन तो पुन्हा सरळ व्हायला लागेपर्यंत थांबलात तर साखर खर्च झालेली असते आणि दांडाही वातड होतो. तुमच्याकडे ही वेळ साधारण जूनच्या मध्यापासून अखेरपर्यंत येते. सगळी रोपं एका दिवशी तयार होत नाहीत, त्यामुळे चार-पाच दिवसांच्या अंतराने वाफ्यातून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात.

जागा महत्त्वाची. सगळ्यात वरच्या पानाच्या बगलेच्या बोटभर वर दांडा दोन बोटांत धरून वाकवा. कोवळा असेल तर ‘कट्’ आवाज करत तुटतो आणि तुटल्या जागी रसाचा चिकट थेंब येतो. वाकतो पण तुटत नाही असं झालं तर धारदार कात्री घ्या. दांडा उपसून काढू नका. तो खालून सुटला तर मानेत पोकळी राहते, तिच्यात पाणी उतरतं आणि कूज थेट गड्ड्यापर्यंत पोचते. दव सुकल्यावर, कोरड्या दिवशी, सकाळच्या उत्तरार्धात हे काम करावं, म्हणजे जखम लवकर वाळते. एखादं रोप पिवळं, रोगट दिसलं तर त्याला शेवटी हात लावा आणि कात्री स्पिरिटने पुसा.

आणि पान एकही तोडू नका. दांडा आला की नवी पानं येणं थांबतं, म्हणजे आहेत तेवढीच पुरवायची. शिवाय प्रत्येक पानाचा तळ म्हणजे गड्ड्यावरचा एक पापुद्रा. दांड्यासोबत दोन पानं गेली तर दांडा मोडून मिळवलेलं तिथेच गमावलं.

खात्री करायची असेल तर एकाच ओळीत एकाआड एक रोपांचे दांडे मोडा, वीस मोडलेले आणि वीस राखलेले. काढणीनंतर तीन आठवडे सावलीत वाळवून दोन्ही ढीग वेगवेगळे तोला. ओल्या गड्ड्यांचं वजन धरू नका, मातीच जास्त तोलली जाते. राखलेल्या रोपांचा आणखी एक उपयोग आहे. त्यांचे वेढे सुटून दांडे ताठ उभे राहिले की काढणी जवळ आली असं समजावं.

प्रश्न : आम्हाला उशीर झाला. दांडे काठीसारखे झालेत, टोकं फुगलीत. आता कापण्यात अर्थ आहे का? (न्यू जर्सी)

थोडा आहे. काढणीला दोन आठवडे असतील तर कापा, निदान उरलेली साखर तरी खाली जाईल. आठवडाच उरला असेल तर राहू द्या. एवढ्यासाठी नवी जखम करण्यात काही मिळत नाही.

प्रश्न : दोन-तीन उत्तम रोपांचे दांडे राखून त्यातली कणी बियाण्यासाठी वापरता येईल का? (लेस्टर, इंग्लंड)

येईल, धीर हवा. टोपण फुटून कणी रंग धरेपर्यंत दांडा ठेवा. त्या रोपाचा गड्डा लहान निघेल, हे गृहीत धरा. कणी सुकवून ऑक्टोबरात एक-दोन सेंटीमीटर खोल, तीन-चार सेंटीमीटर अंतरावर टोका. पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक पाकळ्या नसलेला, एकसंध गोल निघतो. तोच परत लावायचा. कणी मोठी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पूर्ण गड्डा मिळतो, ‘म्युझिक’सारख्या बारीक कणीच्या जातींना तीन-चार वर्षंही लागतात. फायदा असा की कणीला मातीचा स्पर्श झालेला नसतो, त्यामुळे जमिनीतले सूत्रकृमी आणि पांढरी कूज तिच्यासोबत येत नाहीत. विषाणू मात्र येऊ शकतात. म्हणून पिवळ्या रेघा असलेल्या रोपाची कणी घेऊ नका.

प्रश्न : माझा लसूण गोदावरी जातीचा आहे. दांडा एकालाही नाही, पण काही रोपांच्या मानेत जमिनीपासून चार बोटं वर गाठ फुगलीय. सोलून पाहिलं तर आत जांभळट बारीक पाकळ्या. या काढाव्यात का? (ओतूर, जुन्नर)

दांडा नाही ही काळजीची गोष्ट नाही. गोदावरी, श्वेता, भीमा पर्पल, भीमा ओंकार, यमुना सफेद या आपल्याकडच्या जाती मऊ मानेच्या. म्हणून तर पातीसकट जुड्या बांधून टांगता येतात, कडक मानेच्या लसणाला ती सोय नाही.

मानेतली गाठ म्हणजे अर्ध्यावर थांबलेला दांडा. रोपाने फुलायचा प्रयत्न केला, तो बाहेर पडू शकला नाही आणि कणी आवरणातच धरली. थंडी-उन्हाचे एकदम चढउतार किंवा पाण्याचा ताण पडल्यावर असं जास्त दिसतं. ती काढायला मान चिरावी लागते, आणि चिरलेल्या मानेचा लसूण टिकत नाही. तसंच राहू द्या, काढणीनंतर ही रोपं बाजूला काढून आधी विका. शेकडा दोन-चार रोपं असतील तर विसरून जा.

याच्याशी घोटाळा होतो तो दुसऱ्याच एका विकृतीचा. गड्ड्यातल्या पाकळ्यांनाच कोंब फुटून बाजूने बारीक पाती येतात आणि झुडूप दिसायला लागतं. त्याची कारणं वेगळी: उशिरा दिलेलं नत्र, जास्त पाणी, विरळ लागवड. लागवड १५ बाय १० सेंटीमीटरवर ठेवा आणि ६० दिवसांनंतर युरिया देऊ नका. पात फिकी दिसली की हात युरियाकडेच जातो, तो आवरायचा.

प्रश्न : बाजारातून मोठ्या पाकळीचा हिमाचली लसूण आणून लावला. कमरेला येईल अशी पात आहे, खाली गड्डा नाही. दांडा मोडला तर धरेल का? (तासगाव)

नाही. तो डोंगरी लसूण आहे. त्याला गड्डा धरायला लांब दिवस लागतात, हिमाचलात तो मे-जूनमध्ये काढणीला येतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस तेवढा मोठा नसतो, आणि मोठा होईपर्यंत ऊन रोपाला करपवतं. पात खायला वापरा. पुढच्या हंगामात आपल्याकडची जात घ्या, ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबरात लावा. पाकळी मोठी म्हणून बियाणं चांगलं, हा हिशोब लसणात एकाच जातीच्या आत खरा आहे. दोन जातींची तुलना करताना तो फसवतो.

प्रश्न : मोडलेले दांडे किलोभर निघाले. तेलात घालून बरणीत ठेवले तर टिकतील का? (ब्रॅम्पटन, वरचेच वाचक)

तेलात घालून बाहेर अजिबात ठेवू नका. लसूण, दांडा धरून, आंबट नाही. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा जागी बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू विष तयार करतात, वास किंवा चव न बदलता. तेलातलं मिश्रण केलंच तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. नुसते दांडे पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवले तर दोन-तीन आठवडे चांगले राहतात, चिरून गोठवले तर त्याहून बरेच जास्त. टोकाची चोच वातड असते, ती काढून टाका. बाकीचं बोटभर चिरून पिठल्यात फोडणीवर टाका, किंवा हिरव्या मिरचीबरोबर तव्यावर भाजून ठेचा करा. लसणापेक्षा सौम्य लागतो, त्यामुळे हात सढळ ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : लसणाचं कळलं. रब्बी कांद्याला आलेले डेंगळे (फुलदांडे) मोडले तर तसाच फायदा होतो का? (चांदवड)

इथे लसणाचा नियम चालत नाही. लसणाचा दांडा भरीव, कांद्याचा डेंगळा पोकळ. मोडला की नळी उघडी पडते, त्यात पावसाचं किंवा तुषार सिंचनाचं पाणी उतरतं आणि मधला भाग कुजतो. कोवळा असताना मोडला तर कांदा थोडा फुगतो, नाही असं नाही. पण मधला कडक दांडा आत राहतोच आणि मान नीट मिटत नाही. असा कांदा साठवणीच्या कांदाचाळीत गेला तर शेजारचेही खराब करतो. डेंगळ्याची झाडं काढणीला वेगळी काढा आणि पहिल्या गाडीत विका.

कारण मागे शोधा. रोप लागवडीलाच पेन्सिलीएवढं जाड असलं आणि वर डिसेंबर-जानेवारीची थंडी लागली, की ते फुलायला तयार होतं. रोपवाटिकेत दोन महिन्यांहून जास्त थांबलेलं रोप, खरिपाची जात रब्बीत लावणं आणि नत्राची उपासमार, तिन्हींनी डेंगळे वाढतात. रब्बीला साधारण ५० दिवसांचं रोप आणि भीमा शक्ती किंवा भीमा किरणसारखी रब्बीची जात घेतली तर त्रास बराच कमी होतो.

आणि पहिल्याच वर्षी आलेल्या या डेंगळ्यांवर बी धरलं तर ते वेचू नका, कोणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. त्यात लवकर फुलणारीच झाडं निवडली गेलेली असतात, म्हणजे पुढच्या वर्षी डेंगळे आणखी जास्त. बियाणं नेहमी निवडलेला कांदा साठवून, दुसऱ्या हंगामात लावून धरावं.