टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो का?

प्रश्न : आमच्याकडे गावरान कोंबड्या आहेत. यंदा वैशाखात खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली, तर निघालेल्या 9 पिल्लांपैकी 7 कोंबडे ठरले. आई म्हणते, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग. शेजाऱ्यांच्या मते हा सगळा उन्हाचा परिणाम आहे. यात खरे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, मात्र शेजाऱ्यांची समजूत अगदीच निराधार नाही, ती चुकीच्या प्राण्याला लावली गेली आहे, इतकेच.

माणसात किंवा गाई-म्हशींत अपत्य नर की मादी हे पित्याकडून एक्स गुणसूत्र येते की वाय, यावर ठरते. पक्ष्यांत हे नेमके उलट असते. कोंबड्याकडे दोन्ही गुणसूत्रे झेड असतात, तर कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे नर की मादी याचा निवाडा कोंबडीकडूनच होतो, आणि तोही बलक अंडाशयातून सुटण्याच्या सुमारासच. त्यानंतर त्याभोवती पांढरा भाग व पापुद्रा चढतो आणि शेवटी सुमारे 20 तास कवच घडत राहते. अंडे टोकदार होणार की गोल, हे या वाटेवर ठरते. तोवर लिंगाचा प्रश्न निकालात निघालेला असतो. उबवणीचे 21 दिवस तर त्याहून पुढची गोष्ट.

तापमानावर लिंग ठरणारे प्राणी मात्र आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत गरम वाळूतून माद्या आणि तुलनेने थंड वाळूतून नर निघतात. मगरीची तऱ्हा आणखी वेगळी : घरट्याचे तापमान 32.5 अंश सेल्सिअसच्या आसपास असले तर नर, आणि त्याहून बरेच कमी असले तर माद्या.

मग तुमच्याकडे 7 कोंबडे कसे? नर-मादीची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर 9 पिल्लांत 7 किंवा अधिक कोंबडे निघण्याची वेळ साधारण 11 खेपांत एकदा येतेच. उलट 7 तलंगा निघाल्या असत्या, तर आपण हा प्रश्न विचारला नसता, अशी आम्हाला शंका आहे!

आईंची खात्री करून द्यायची असेल, तर पुढच्या खेपेस टोकदार अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, त्यांतून पिल्लू बाहेर येताच त्याच्या पायाला रंगीत दोरा सैलसा बांधा आणि पाय जाड होईल तसा तो बदलत राहा. तुरे लाल दिसू लागले, की दोरेवाल्यांत कोंबडे किती आणि तलंगा किती, हे त्यांनाच मोजू द्या.