जुन्या फायबर होडीच्या जेलकोटला (वरच्या चकचकीत थराला) भेगा पडल्यात. एपॉक्सी भरून वर जेलकोट मारला तर चालेल का?

नाही चालणार. एपॉक्सी आणि पॉलिएस्टर ही दोन वेगळी रेझिनं, आणि एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाने धरत नाही. खालून कच्चा राहतो आणि पुढच्या मोसमात पापुद्रा निघतो. एपॉक्सीच भरायची असेल तर वर टू-पॅक पीयू (दोन डब्यांतलं मिसळून लावायचा पॉलियुरेथेन) रंग मारा. जेलकोटच हवा असेल तर खालचं भरणही पॉलिएस्टरचं, किंवा खिशाला परवडलं तर व्हिनाइल एस्टरचं. उलटं, म्हणजे जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी, ते मात्र उत्तम बसतं.

एवढ्यावर थांबलो असतो. पण तुम्ही लिहिलंय की भेगा नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोर बांधायच्या खुंट्याभोवतीच आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या (आठ पायांच्या कोळ्याच्या, आमच्या नव्हे), आणि रंगारी म्हणतो ‘वरवरच्या आहेत’. हा ‘वरवरच्या’ शब्द मी आमच्या दादाच्या तोंडून सलग सहा वर्षं ऐकलाय.

आम्ही वर्सोव्याचे. वडिलांची होडी लाकडी होती. लाकडाचा एक गुण असतो. होडी वर ओढून ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात लोटली की पहिले एक-दोन दिवस पाणी उपसायचं, मग लाकूड फुगतं आणि सांधे मिटतात. दादा त्या होडीवर वाढला. मी वाढलो वसईच्या एका शेडमध्ये, मोल्डमधून पाण्याच्या टाक्या आणि बसचे बंपर काढत. अकरा वर्षं.

२०१२ साली आम्ही २४ फुटी फायबरची होडी घेतली, वापरलेली. दादाने पहिलं काम काय केलं, तर नाळेवर नवा लोखंडी खुंटा बसवला. चार बोल्ट, खाली चार वॉशर. ओढा पसरवायला खालून पट्टी नाही, काही नाही. नांगराच्या दोराचा सगळा ओढा रुपयाएवढ्या चार वॉशरांवर. पहिल्याच मोसमात भेगा आल्या. मी म्हणालो, खालून पट्टी टाकू. दादा म्हणाला, “होरी हाय ती, तुझी टाकी नाय. वरवरच्या हायेत, मिटतील.”

मिटतील! फायबर फुगत नाही हो. जेलकोट म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत रेझिनचा थर. त्यात मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचा, एक धागा नसतो. खालचं फायबर वाकतं आणि परत जागेवर येतं, वरच्या थराला ते जमत नाही, म्हणून तो तडकतो. भेग तुम्हाला फक्त इतकंच सांगते की इथे काहीतरी हलतंय. ते हलणं थांबवल्याशिवाय तिच्यात सोनं भरलंत तरी ती परत येणार. दादा दर नारळी पौर्णिमेच्या आत लांबी भरायचा, वर पांढरा ऑइल पेंट, आणि दिवाळीच्या आत भेगा त्याच जागी हजर.

२०१८ च्या मेअखेर होडी वर घेतली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि दादा अलिबागला सासुरवाडीला. मी पान्हा घेतला. एक बोल्ट तर हातानेच बाहेर आला. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय असतो, त्यात बोट घातलं तर चहात बुडवलेल्या बटरात घातल्यासारखं गेलं. वास विचारू नका. दीड फूट लांब, फूटभर रुंद, सगळं कुजलेलं. पाणी भेगांतून कमी आणि बोल्टच्या भोकांतून जास्त गेलं असणार, हे मी मान्य करतो. पण भोकं सैल कशाने झाली?

वरचा थर कापला, कुजका प्लाय खरवडून काढला, होडी दहा दिवस ताडपत्रीखाली पंख्यावर सुकवली. नवा मरीन प्लाय. कडा उतरत्या घासल्या: जाडीच्या बारापट उतार द्यायचा, म्हणजे ४ मिमी फायबरला जवळजवळ ५ सेंटिमीटर. लोक इथे आळस करतात आणि मग जोड तिथेच उखडतो. खालून १० मिमी जाडीची, दोन तळहातांएवढी फायबरचीच पट्टी. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडून घट्ट एपॉक्सीने बुजवली आणि त्या एपॉक्सीत पुन्हा बोल्टच्या मापाची पाडली, म्हणजे पाणी शिरलं तरी प्लायपर्यंत पोचत नाही. खुंट्याच्या बैठकीखाली ती झाकली जातात, त्यामुळे तिथे जेलकोटचा प्रश्नच येत नाही.

आणि मग मी माती खाल्ली. जेलकोट हवेच्या बाजूने सेट होत नाही, चिकट राहतो. शेडमध्ये आम्हाला तेच हवं असायचं: मोल्डमध्ये आधी जेलकोट, त्याची उघडी चिकट बाजू मॅटला धरून ठेवते, आणि चकचकीत बाजू मोल्डकडे असते. अकरा वर्षं उलट्या बाजूने काम केलेला माणूस मी. दुरुस्तीत वरचीच बाजू हवेला उघडी असते हे डोक्यातच आलं नाही. मेण न घालता हात मारला. दुसऱ्या दिवशी दादा आला, त्याने शांतपणे अंगठा टेकवला. ठसा उमटला. त्यावर होडी शाकारायच्या झावळ्यांचा भुसा चिकटलेला. घरातल्या एकाही हळदीला तो अंगठा दाखवल्यावाचून दादा राहत नाही.

तो थर ॲसिटोनने पुसून, २२० च्या पेपरने घासून, पुन्हा हात मारला, या वेळी मेणाचं द्रावण घालून. रेझिनवाल्याकडे मिळतं. मेण फक्त शेवटच्या हातात. मधल्या हातात घातलंत तर घासल्याशिवाय पुढचा धरत नाही. छोट्या भेगेला मेणाऐवजी वरून गुळगुळीत प्लास्टिक चिकटवलं तरी काम भागतं.

तुमच्यासाठी क्रम तोच. आधी खुंट्याखाली हात घालून बघा, पट्टी आहे का. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: टणटण वाजलं तर बरं, भद्द वाजलं तर कापायची तयारी ठेवा. नुसत्या भेगा असतील तर खरवडणीने त्या तळापर्यंत व्हीसारख्या उघडा, ३-४ मिमी रुंद. केसाएवढ्या भेगेत काहीही शिरत नाही, रंगारी वरून फासतो तो नुसता मेकअप. ॲसिटोनने पुसा, जेलकोट किंचित उंच भरा, मग ४००, ६००, १००० चा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड. मेच्या उन्हात १०० ग्रॅमला १ ग्रॅमच्या आसपास हार्डनर पुरतो. त्याहून कमी करू नका, कायमचा कच्चा राहतो. वाटीभरच कालवा, पंधरा मिनिटांत दगड होतो.

बाकी राहिलेलं. भेगा जागोजाग नकाशासारख्या असतील तर ते म्हातारपण आहे, प्रत्येक भेग उघडत बसू नका, सगळं घासून एपॉक्सी प्रायमर आणि पीयू. पाण्याखालच्या भागाला मी वर सांगितलेलं जसंच्या तसं लावू नका, तिथे फोड येण्याचं प्रकरण वेगळं असतं. पाऊस सुरू झाल्यावर काढणार असाल तर आधी रात्रभर त्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर फायबर अजून ओलं आहे, थांबा. मी जूनमध्ये केलं ते मला पट्टी बसवायची घाई होती म्हणून, तुम्ही शक्यतो मेमध्येच उरका. कोबाल्ट (रेझिन लवकर सेट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, नीट ढवळून झाल्यावर हार्डनर. आणि डोळ्यांना चष्मा, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

रंग जुळेल का, असंही विचारलंय. वीस वर्षं ऊन खाल्लेला पांढरा हा पांढरा नसतो, पिवळ्या आणि काळ्या पिगमेंटचा टिपूस टाकून थोडाफार जवळ येतो, तंतोतंत नाही. आमच्या नाळेवरचा तो चौकोन अजून बाकी होडीपेक्षा पांढरा दिसतो. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवतो. त्यात भेग मात्र त्याला अजून सापडलेली नाही, आणि शोधतो तो, मी बघितलंय.