फेक डेटिंगला ‘लटकं प्रेम’ म्हणावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कादंबरीतला सोलापूरचा मुलगा चुलतबहिणीच्या लग्नात नातेवाइकांनी स्थळं सुचवू नयेत म्हणून पुण्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला गर्लफ्रेंड म्हणून घेऊन येतो, तर याला ‘लटकं प्रेम’ म्हणता येईल का, आणि ‘कादंबरी विश्वासार्ह वाटली नाही’ हे बरोबर आहे का.

लटकं इथे बसत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. संतांच्या अभंगात लटिकं म्हणजे सरळ खोटं, पण आजच्या बोलण्यात तो शब्द लटका राग, लटका रुसवा असाच जास्त येतो, आणि त्यात ज्याच्यावर रागवायचं त्याला माहीतच असतं की हा राग खरा नाही, ते दोघांमधलं गोड गुपित असतं. फेक डेटिंगमध्ये उलट आहे, दोघांना सगळं ठाऊक आणि फसवायचं बाकीच्यांना.

मग ‘प्रेमाचं नाटक’? तेही नको, कारण ‘प्रेमाचं नाटक करून फसवलं’ म्हटलं की एकाने दुसऱ्याला फसवलं असाच अर्थ निघतो, बातम्यांत तर तो ठरलेलाच. ‘बनाव’ अर्थाने अगदी चपखल आहे कारण बनावात फसणारा तिसरा लागतोच, पण अपघाताचा बनाव, अपहरणाचा बनाव असं वाचून वाचून त्याला पोलीस स्टेशनचा वास लागलाय. मला विचाराल तर ‘सोंग’ घ्या. जोडीचं सोंग. सोंग घेता येतं, आणता येतं, आणि मुख्य म्हणजे सोंग वठतं.

हे वठणं फार कामाचं क्रियापद आहे. सोंग वठलं की नाही ते लग्नातले पाहुणे ठरवणार, आणि गोष्ट पटली की नाही ते वाचणारे आपण. तुमचं खटकणं मला वाटतं इथंच आहे, कादंबरीत सोंग फार सहज वठतं म्हणून गोष्ट पटत नाही. सोलापुरातलं लग्न आणि एकही मावशी पोरीला आडनाव नि गाव विचारत नाही? आमच्याकडे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं चालतं, आजी नव्या पोरीशी थेट कन्नडात सुरू होणार आणि ती काय उत्तर देते इकडे सगळ्यांचे कान. संध्याकाळी दोघं सात रस्ता चौकात दिसली तर रात्रीपर्यंत घरी बातमी, आणि कुणीतरी म्हणणारच, उगं दाखवायला फिरायलेत. लेखकाने ही परीक्षा घ्यायला हवी होती, त्यात सोंग दोनदा उघडं पडता पडता वाचलं असतं तर मी तरी सगळं मानलं असतं.

लटकं कुठे येतं? मध्यावर. दोघांना खरंच आवडायला लागलंय पण ‘आपण तर नुसतं दाखवतोय’ असं एकमेकांना सांगत राहतात, ते सांगणं लटकं. तिथे शब्द बरोब्बर बसतो आणि अशा कादंबरीचा खरा जीवही तिथेच असतो, ती पानं तुम्ही पुन्हा वाचाच.

जाता जाता, जे खरोखरीचं नाही ते सगळंच सोंग असंही नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, संमती कट्ट्यावर त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, हजारो लोक मनापासून अक्षता टाकतात. ते प्रतीक आहे, तिथे कुणाला फसवायचंच नसतं, त्यामुळे त्याला वरचा एकही शब्द लावू नये.

राहिलं विश्वासार्ह. तो शब्द माणसाला, बातमीला, आकडेवारीला शोभतो, ज्याच्यावर आपण भरवसा टाकतो त्याला. कादंबरीवर कुणी भरवसा टाकत नाही, ती पटते किंवा पटत नाही. ‘पटण्याजोगी’ लिहा, किंवा सरळ ‘मला काही पटली नाही’.