कंपनीचा लोगो ईमेलमध्ये आणि छपाईत वेगळाच दिसतो. कोणती फाइल वापरावी?

लोगोमागे पांढरा चौकोन येत असेल, तर बहुधा तुमच्याकडे जेपेग फाइल आहे. तिच्यात पारदर्शकता नसतेच. शिवाय फाइल लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनमुळे अक्षरांच्या कडा धुरकटतात. जेपेग फोटोंसाठीच ठेवा. ईमेलला पारदर्शक पार्श्वभूमी ठेवणारी पीएनजी, वेबसाइटला एसव्हीजी, छापखान्याला व्हेक्टर पीडीएफ (व्हेक्टर म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा स्पष्ट राहणारी फाइल; एसव्हीजीही तशीच).

खरी काळजी रंगाची घ्या. नजरेच्या अंदाजाने निळा निवडू नका, ठरलेला हेक्स कोडच (स्क्रीनवरच्या रंगाचा नेमका सांकेतिक क्रमांक) टाका. स्क्रीनवर रंग आरजीबीत (लाल, हिरवा, निळा प्रकाश) दिसतो, छपाई सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी शाई) होते, म्हणून झगझगीत निळा किंवा हिरवा कागदावर मंदावतो. नेमकी छटा हवीच असेल तर छापखान्याला पँटोन क्रमांक (ठरावीक छटेच्या तयार शाईचा क्रमांक) कळवा आणि आधी नमुना छापून बघा.

आणि कृपया, फिकट ब्रँडरंगात मजकूर लिहू नका! डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, त्यांच्या एए (मधल्या) पातळीनुसार नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) लागतो.