पिलातापुढचा जमाव

प्रश्न : आदरणीय बाई, सलाम. आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी रविवारच्या शाळेची मुलं रोमन सुभेदार पिलातापुढच्या येशूच्या चौकशीचा प्रवेश करतात. यंदा तालमीत एका नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, "टीचर, यहूदी लोक वाईट असतात ना? त्यांनीच येशूला मारलं." मला उत्तरच सुचेना. मत्तय 27:25 मध्ये जमाव ओरडतो की, त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. हे वाक्य नाटकातून गाळावं का? शास्त्रातच तसं लिहिलंय, तर मुलांना सांगायचं काय?
— एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : तुझं पत्र वाचून दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. हाच प्रवेश मी 22 वर्षं बसवला. येशू आणि शिष्यांना पांढरे झगे, जमावाला काळ्या लोकरीच्या दाढ्या. त्या दाढ्या मी शरणपूर रोडच्या घरी रात्री बसून स्वतः शिवायचे.

एका वर्षी मी माझ्या शेजारणीला नाटकाला नेलं. ती नर्स होती, माहेर अलिबागकडचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहूदी. तिच्या आजोबांच्या घरी तेलाचा घाणा होता. शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, तो बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. नाटक संपल्यावर बाकावर पडलेली एक दाढी तिनं उचलली, हातात उलटीपालटी केली आणि म्हणाली, "पेत्राला का गं नाही ही?" एवढंच. चहाला थांबली नाही. शिष्य पेत्र तिचा, योहान तिचा, येशूची आई मरिया तिची, सगळे यहूदीच, आणि मी दाढ्या लावल्या त्या फक्त ओरडणाऱ्यांना.

त्या रात्री मी योहानाचं शुभवर्तमान काढून बसले. तूही बस. 9:22 बघ : आंधळ्याचे आईबाप "यहूद्यांना" भितात. ते स्वतः कोण होते? 20:19 मध्ये शिष्य यहूद्यांच्या भीतीनं दारं लावून बसतात. आत बसलेला एकूण एक माणूस यहूदीच. म्हणजे तिथं हा शब्द साऱ्या समाजासाठी नाही, बहुतेक वेळा यरुशलेमच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. त्यानंतर खरे वारसदार कोण, यावर सभास्थानातले आणि येशूला मानणारे यांच्यात जे भांडण पेटलं, त्याची धग या लिखाणात आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते घरातलं भांडण होतं, आणि घरातल्या भांडणात माणूस टोकाचं बोलतो.

पुढे ही वाक्यं घराबाहेरच्या लोकांच्या हाती गेली, त्यांच्या हातात सत्ताही आली. अंत्युखियात 386-87 मध्ये योहान क्रिसोस्तोम या नावाजलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकानं यहूद्यांविरुद्ध प्रवचनं केली. 1096 मध्ये पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, जमावांनी जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी वर्म्स आणि माइन्झमधल्या यहूद्यांची कत्तल केली. 1543 मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं त्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं. ज्याच्यामुळे आपल्या हाती लोकभाषेतलं शास्त्र आलं, त्याच माणसानं! हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लपवून कसं चालेल? रोमन कॅथलिक चर्चनं 28 ऑक्टोबर 1965 रोजी जाहीर केलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. जगभरच्या ल्यूथरन मंडळ्यांच्या महासंघानं 1984 मध्ये ल्यूथरचे ते शब्द नाकारले.

"शास्त्र निर्दोष, माणसं चुकली" असं म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. योहान 8:44 मधलं "तुमचा बाप सैतान" हे वाक्य शास्त्रातच आहे. पण त्याच शुभवर्तमानात, 4:22 मध्ये, येशू शमरोनी बाईला सांगतो की तारण यहूद्यांतूनच आहे. आणि रोमकरांस पत्राचा 11 वा अध्याय तर मी वर्गात दरवर्षी वाचायला लावीन. आपण रानटी जैतुनाची फांदी, दुसऱ्याच्या, म्हणजे यहूद्यांच्या, झाडावर कलम केलेली. त्या झाडाच्या फांद्यांपुढे मिरवू नको, मूळ तुला आधार देतं, असं ते पत्र लिहिणारा पौल बजावतो.

वाक्य गाळू नकोस. गाळलेलं वाक्य मुलं मोठी झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकतील. त्याआधी मत्तय 26:28 मोठ्यानं वाचून घे. तिथं येशू प्याला उचलून म्हणतो की हे माझं रक्त पापांच्या क्षमेसाठी ओतलं जातंय. एका अध्यायाच्या अंतरानं तेच रक्त शाप कसं होईल? मग जमावाच्या मागोमाग लूक 23:27 मधल्या रडणाऱ्या बायका आण, त्याही त्याच लोकांतल्या. पिलाताचा हुकूम मात्र खणखणीत होऊ दे. वधस्तंभ ही रोमन शिक्षा, खिळे ठोकणारे शिपाई रोमन. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण पिलाताचंच तर नाव घेतो.

कपडे सगळ्यांना सारखे दे. आणि त्या नऊ वर्षांच्या पोराला पेत्राचं काम दे. काळी दाढी लावूनच.